शोधनिबंध छापण्याचे पावणेदोन लाख कोणी द्यायचे?

विदर्भातील एका अनुदानित महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकांचे पत्र आले आहे. त्या लिहितात : "माझ्याकडे पीएच.डी. करणारी विद्यार्थिनी आणि मी वैनगंगेच्या खोऱ्यातील गोड्या पाण्यातल्या गोगलगायींवर चार वर्षे काम केले. त्यांतली एक जात विज्ञानाला नवी निघाली. त्यावरचा शोधनिबंध परदेशातील एका पूर्णपणे ओपन ॲक्सेस, म्हणजे वाचकाला विनामूल्य, असलेल्या नियतकालिकाने स्वीकारला आणि स्वीकृतीच्या पाठोपाठ दोन हजार डॉलरचे, म्हणजे सुमारे पावणेदोन लाख रुपयांचे बिल आले. ते तीस दिवसांत भरायचे आहे. प्राचार्य म्हणतात, महाविद्यालयात अशी तरतूद नाही. पदवी विद्यार्थिनीला मिळणार आहे, तर पैसेही तिनेच भरावेत. ती जेआरएफवर, म्हणजे संशोधनासाठीच्या सरकारी शिष्यवृत्तीवर आहे. साठवलेले थोडे आणि वडिलांकडून उसने घेतलेले थोडे, असे मिळून भरायला ती तयारही झाली आहे. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सुचवले, की जर्मनीत असलेल्या आमच्या सहलेखकांना 'करस्पॉन्डिंग ऑथर', म्हणजे पत्रव्यवहाराचा लेखक, दाखवा, म्हणजे बिलच येणार नाही. संशोधन सर्वांना मोफत वाचायला मिळावे हे मला मनापासून पटते. पण मग त्याचा खर्च कोणी करायचा? आणि आत्ता मी काय करू?"

महोदया, स. न. वि. वि.

तुमच्या पत्रातले दोन प्रश्न वेगळे आहेत, पण दोन्हींच्या मधोमध तुमची विद्यार्थिनी उभी आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो. तिने हे पैसे भरू नयेत. उसने घेऊन नाही, हप्त्याने नाही, आणि ती आपण होऊन पुढे आली आहे ही सबब तुम्ही किंवा प्राचार्यांनी सांगू नये, कारण ज्या माणसाचा प्रबंध आपल्या सहीवाचून पुढे सरकत नाही त्याच्या 'आपण होऊन'ला फारसा अर्थ नसतो. जेआरएफची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहे. तुमचे बिल म्हणजे तिचे जवळजवळ पाच महिन्यांचे जगणे झाले. खोलीचे भाडे, डबा, प्रवास आणि घरी पाठवायचे चार पैसे एवढ्यासाठी सरकारने दिलेली ती रक्कम आहे. ती परदेशी प्रकाशकाकडे वळवण्यासाठी दिलेली नाही. प्राचार्यांच्या युक्तिवादाविषयी एवढेच म्हणतो, की निबंधावर महाविद्यालयाचे नाव छापले जाईल, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात तो महाविद्यालयाच्या खात्यावर मोजला जाईल आणि पदोन्नतीच्या वेळी तुमच्याही फाईलला तो जोडला जाईल. लाभात इतके वाटेकरी असताना बिल मात्र एकट्या मुलीच्या नावाने फाडणे मला अन्यायाचे वाटते.

पदवीचा धाकही एकदा तपासून पाहा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध झालाच पाहिजे अशी सक्ती उरलेली नाही. तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली असेल तर ती लेखी मागवून घ्या. अनेक ठिकाणी जुनी अट नियमांतून गेली आहे, फक्त कार्यालयातल्या बोलण्यात टिकून आहे.

आता तुमच्या मोठ्या प्रश्नाकडे येतो. लेखकाने छपाईचा भार उचलणे ही अगदी नवी गोष्ट नाही. अमेरिकेतील भौतिकशास्त्राची नियतकालिके १९३० च्या दशकापासून पानामागे आकार घेत असत. मात्र तो आकार बहुधा लेखकाची संस्था भरत असे आणि उरलेला खर्च ग्रंथालयांच्या वर्गणीतून निघे. पुढे ही वर्गणी इतकी चढली की मोठमोठ्या विद्यापीठांनाही ती पेलेना. २००२ साली बुडापेस्टच्या जाहीरनाम्यात आणि पुढच्या वर्षी बर्लिनच्या जाहीरनाम्यात मागणी मांडली गेली, की शास्त्रीय निबंध इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य वाचता यावेत. मागणी रास्त होती. पण वाचकाकडून पैसे घ्यायचे नाहीत एवढे ठरल्यावर ते कोणाकडून घ्यायचे हा प्रश्न खुला राहिला, आणि त्याचे सर्वांत सोपे उत्तर व्यापारी प्रकाशकांनी दिले : वाचणाऱ्याकडून नाही, तर लिहिणाऱ्याकडून. आज ज्याला सगळे एपीसी (आर्टिकल प्रोसेसिंग चार्ज) म्हणतात तो हाच आकार. सुरुवातीला तो काही शे डॉलर होता. 'नेचर'ने नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर केलेला आकार ९,५०० युरो होता.

उन्हाळ्यात आपल्याकडे चौकाचौकांत पाणपोया लागतात. पाणी पिणाऱ्याकडून कोणी पैसे घेत नाही. पण म्हणून रांजण भरणाऱ्या माणसाकडून पेल्यामागे काही वसूल करावे असेही आजवर कोणाला सुचलेले नाही. शास्त्रीय प्रकाशनात नेमके तेच सुचले आणि बराच काळ त्याला सुधारणा म्हटले गेले.

प्रत्यक्ष खर्च किती येतो, हे आधी पाहू. निबंध तपासणारे समीक्षक फुकट काम करतात असे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे, कारण त्यांचा पगार त्यांचे विद्यापीठ देत असते, म्हणजे तपासणीचा खर्च लोकांनी आधीच भरलेला असतो. उरते ते संपादकीय कार्यालय, भाषा आणि आकृत्यांचे संस्करण, अक्षरजुळणी, प्रत्येक निबंधाला कायमचा क्रमांक, सर्व्हर आणि पन्नास वर्षांनीही मजकूर सापडेल अशी जतनाची सोय. ग्रॉसमन आणि ब्रेम्ब्स या दोघांनी २०२१ मध्ये याचा पायरीपायरीने हिशोब मांडला, तेव्हा निबंधामागचा खर्च सर्वांत सुटसुटीत पद्धतीत २०० डॉलरच्याही आत निघाला, आणि आलेल्यांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त निबंध नाकारणाऱ्या मानाच्या नियतकालिकांत सुमारे १,००० डॉलर झाला. नाकारण्यालाही खर्च असतो, हा प्रकाशकांचा मुद्दा खोटा नाही. शंभरांतले नव्वद परत पाठवायचे तर ते शंभरही वाचावे लागतात आणि त्या वाचनाचे पैसे स्वीकारलेल्या दहांच्या बिलात येतात. तरीही हजार आणि साडेनऊ हजार यांच्यामधले अंतर संपादकांच्या पगाराने भरून निघत नाही. ते नावाचे मोल आहे. एल्सेव्हियरची मालक असलेल्या रेलेक्स कंपनीच्या शास्त्रीय प्रकाशन विभागाचा नफा उत्पन्नाच्या सुमारे ३८ टक्के असतो. एवढा नफा ज्या धंद्यात सुटतो तिथे किंमत खर्चावरून ठरलेली नाही, हे हिशोबनीस नसलेल्यालाही कळते.

किमतीपेक्षाही मला निबंधामागे पैसे घेण्याची रीतच जास्त घातक वाटते. वर्गणीच्या काळात प्रकाशकाला निदान ग्रंथपालाला खूश ठेवावे लागे. एपीसीच्या काळात त्याचे उत्पन्न 'होय' म्हणण्यावर अवलंबून राहते. जितके निबंध स्वीकारावे तितकी बिले फाटतात. २०२१ मध्ये वायली या जुन्या प्रकाशनसंस्थेने हिंदावी ही ओपन ॲक्सेस कंपनी विकत घेतली. तिच्या विशेषांकांतून बनावट निबंधांचे कारखाने इतके शिरले होते की एकट्या २०२३ मध्ये आठ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले आणि वायलीने पुढे ते नावही सोडून दिले. हे मोठ्यांचे झाले. आपल्याकडच्या गल्लीबोळातल्या 'आंतरराष्ट्रीय' नियतकालिकांविषयी तुम्हाला मी काय सांगावे? पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१८ मध्ये अनुदान आयोगाच्या तेव्हाच्या मान्य यादीतील, विद्यापीठांनी सुचवलेल्या सुमारे हजार नियतकालिकांची छाननी केली, तेव्हा ८८ टक्के नियतकालिके कसोटीला उतरली नाहीत. त्यातूनच पुण्यात आयोगाच्या केअर यादीचे, म्हणजे विश्वासार्ह नियतकालिकांच्या नव्या यादीचे, काम सुरू झाले. आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीही बंद केली आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर व शिक्षकांवर टाकली. म्हणजे यापुढे कोणी 'केअरमध्ये आहे' असे सांगून तुमच्याकडून पैसे मागितले, तर तो जुन्या यादीचे नाव विकतो आहे असे समजा.

मग पैसे कोणी द्यावेत? ज्याने संशोधन करून घेतले त्याने, असे माझे मत आहे. गोगलगायी मोजायला ज्या सार्वजनिक तिजोरीने शिष्यवृत्ती दिली, तिनेच त्या गोगलगायींची माहिती लोकांपर्यंत पोचवण्याचा खर्चही संशोधनाचाच भाग म्हणून करावा. मात्र तो निबंधागणिक बिल भरून करू नये. नियतकालिक किंवा व्यासपीठ चालवण्यासाठी वर्षाचा एकरकमी निधी द्यावा. असे झाले म्हणजे संपादकाला एखादा निबंध नाकारताना आपण उत्पन्न नाकारतो आहोत असे वाटत नाही, आणि लेखकाची ऐपत हा प्रश्नच उरत नाही.

हे स्वप्नरंजन नाही. ब्राझीलमध्ये सायेलो हे व्यासपीठ १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून साओ पाउलो राज्याच्या संशोधन निधीवर उभे आहे. लॅटिन अमेरिकेत विद्यापीठाने नियतकालिक चालवायचे आणि लेखक-वाचक दोघांकडूनही काही घ्यायचे नाही, ही पद्धत इतकी रुजलेली आहे की तिथल्या संशोधकांना आपला एपीसीचा वाद परका वाटतो. या पद्धतीला आता 'डायमंड' असे झगमगीत नाव मिळाले आहे. कणभौतिकीत सर्न या युरोपातील संशोधनसंस्थेच्या पुढाकाराने २०१४ पासून वेगळी युक्ती चालू आहे : जगभरच्या ग्रंथालयांनी पूर्वी वर्गणीत जाणारे पैसे एकत्र करायचे, त्यातून त्या विषयाच्या प्रमुख नियतकालिकांना पैसे द्यायचे, आणि लेखकाला बिलच पाठवायचे नाही. यांत नवा पैसा लागला नाही. जुन्या पैशाचा रस्ता बदलला. जर्मनीतील मॅक्स प्लांक संस्थेच्या डिजिटल ग्रंथालयाने २०१५ मध्ये जगातील ग्रंथालये वर्गण्यांवर वर्षाला सुमारे ७६० कोटी युरो खर्च करतात असा अंदाज मांडला होता. निबंधामागे हिशोब केला तर तो ३,८०० ते ५,००० युरो पडत होता. तेव्हा पैसा नाही असे निदान जगाच्या पातळीवर कोणी म्हणू नये.

आपल्या घरातही दाखला आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाच्या शिक्षकांच्या संस्थेचे 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' १९५५ पासून निघते. त्यांनी लेखकांकडून आकार न घेता आपले अंक इंटरनेटवर खुले केले. छापील अंकाची वर्गणी बुडेल ही भीती खरी ठरली नाही. मुंबईतच सुरू झालेल्या मेडनो या प्रकाशनसंस्थेने त्याच वाटेने अनेक वैद्यकीय संघटनांची नियतकालिके जगापुढे आणली आणि २०११ मध्ये वोल्टर्स क्लुवर या बहुराष्ट्रीय कंपनीने ती विकत घेतली. चांगले चाललेले दुकान मोठ्या पेढीने घेणे यात बेकायदा काही नाही. पण नियतकालिकाचे नाव आणि छपाईची यंत्रणा कोणाच्या मालकीची आहे, याकडे संघटनांनी वेळीच लक्ष द्यायला हवे, हा धडा मला त्यात दिसतो.

एक कबुली द्यायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल की हा गृहस्थ बाहेर उभा राहून बोलतो आहे. एका लहान विज्ञान मंडळाच्या त्रैमासिकाचे संपादन मी बारा वर्षे केले. लेखकाकडून एक रुपया घेतला नाही. अनुदान मंजूर होई ते श्रावणात आणि हातात पडे ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, त्यामुळे वर्षाच्या चार अंकांतला एक तरी जोडअंक निघे; अक्षरजुळणी करणाऱ्याचे पैसे दोनदा माझ्या खिशातून गेले, आणि खजिनदार आजारी पडले त्या वर्षी एक अंक निघालाच नाही. फुकट चालणारी नियतकालिके कोणाच्या तरी रात्री जागण्यावर चालतात. २०२१ च्या एका पाहणीत जगभरात अशी १७,००० ते २९,००० नियतकालिके असावीत असा अंदाज निघाला, पण जगातल्या एकूण निबंधांपैकी त्यांत छापले जातात ते आठ-नऊ टक्केच, म्हणजे बहुतेक नियतकालिके चिमुकली आणि दोन-तीन माणसांच्या हिमतीवर तगलेली आहेत. म्हणूनच मी निधी म्हणतो तेव्हा मला वेळेवर येणारा, पगारी माणूस ठेवता येईल असा आणि संपादकाच्या निवडीत ढवळाढवळ न करणारा निधी म्हणायचा असतो. मराठी विश्वकोशाचा खर्च राज्य शासनाने उचलला, आज तो कोणालाही फुकट वाचता येतो, आणि नोंदलेखकाने मंडळाला पैसे द्यावेत असे कोणी म्हटले नाही. शासनाच्या कारभाराचा वेग लक्षात घेऊनही मला ते उदाहरण लहान वाटत नाही.

भारत सरकारने मात्र दुसरा रस्ता धरला आहे. युरोपातील निधीसंस्थांनी सप्टेंबर २०१८ मध्ये 'प्लॅन एस' जाहीर करून, आमच्या पैशातून झालेले संशोधन ताबडतोब खुले झालेच पाहिजे असे बजावले. २०१९ च्या सुरुवातीला आपले प्रमुख वैज्ञानिक सल्लागार भारतही त्यात येणार असे म्हणाले आणि वर्ष संपायच्या आत तो विचार बाजूला पडला. त्याऐवजी आली ती 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने तिला २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर केले. त्यातून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके ६,३०० हून अधिक संस्थांत वाचता येतील. लहान गावातल्या सरकारी महाविद्यालयातील विद्यार्थ्याच्या दृष्टीने हे वरदान आहे, त्याला मी नावे ठेवणार नाही. पण ही वाचकाने भरलेली वर्गणी आहे, फक्त वाचकाच्या जागी सरकार आले आहे. भारतीय संशोधकाने लिहिलेला निबंध नेपाळमधल्या शिक्षकाला किंवा भारतातल्याच संस्थेबाहेरच्या अभ्यासकाला त्यामुळे खुला होत नाही. याच योजनेत निवडक चांगल्या ओपन ॲक्सेस नियतकालिकांत छापण्यासाठी लेखकांना मदत म्हणून वर्षाला १५० कोटी रुपये ठेवले आहेत. तुमच्या बिलाच्या दराने भागाकार करून पाहा : साडेआठ हजार निबंध. भारतातून वर्षाला दोन लाखांहून अधिक निबंध निघतात.

आणि या सगळ्यात तुमच्यासारख्यांची जी विशेष कोंडी होते तिच्याकडे परदेशातल्या चर्चेत फारसे कोणी बघत नाही. गरीब देशांतील लेखकांना आकार माफ, असे प्रकाशक अभिमानाने सांगतात. जागतिक बँकेच्या वर्गवारीत भारत निम्न-मध्यम उत्पन्नाच्या गटात मोडतो. पण काही मोठ्या प्रकाशकांनी या गटासाठी आणखी एक अट घातली आहे, की देशाचे एकूण उत्पन्न २०० अब्ज डॉलरपेक्षा कमी असले पाहिजे. आपला देश त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, म्हणून आपण यादीबाहेर. देशाचे आकारमान मोजले गेले, माणशी मिळकत मोजली गेली नाही, आणि वैनगंगेकाठच्या विद्यार्थिनीला म्युनिकच्या प्राध्यापकाच्या दराने बिल आले. श्रीमंत देशातही हे दर मुकाट्याने सोसले जात नाहीत. 'न्यूरोइमेज' या नियतकालिकाच्या चाळीसहून अधिक संपादकांनी एप्रिल २०२३ मध्ये ३,४५० डॉलरचा आकार अवाजवी आहे म्हणून एकत्र राजीनामे दिले आणि दुसरे नियतकालिक काढले. बिल गेट्स यांच्या प्रतिष्ठाननेही २०२५ पासून आपल्या अनुदानातून एपीसी देणे थांबवले. पैसेवाले हात आखडू लागले असताना शिष्यवृत्तीवर जगणाऱ्या मुलीने हात सैल सोडावा, हे विपरीत आहे.

आता आत्ताचे बोलू. आधी त्या नियतकालिकाची खात्री करून घ्या. समीक्षकांचे शेरे सविस्तर होते का, नवी जात वेगळी का याविषयी त्यांनी अडचणीचे प्रश्न विचारले का, की आठवड्याभरात 'स्वीकृत' आले? लुंडच्या विद्यापीठात २००३ साली सुरू झालेल्या डीओएजे या ओपन ॲक्सेस नियतकालिकांच्या सूचीत त्याचे नाव आहे का पाहा. तिथेच आकाराची रक्कमही नोंदलेली असते. ती निबंध पाठवण्यापूर्वीच पाहायला हवी होती, हे तुम्हालाही आता वाटत असेल, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

जर्मनीच्या सहलेखकांविषयी तुमच्या सहकाऱ्यांनी दिलेला सल्ला ऐकू नका. जर्मनीतील विद्यापीठांनी वायली, स्प्रिंगर नेचर आणि एल्सेव्हियर यांच्याशी देशपातळीवर करार केले आहेत आणि पत्रव्यवहाराचा लेखक त्यांच्याकडचा असेल तर त्याला स्वतंत्र बिल येत नाही, हे खरे आहे. पण निबंधाची जबाबदारी ज्याने वाहिली नाही त्याला केवळ सवलतीसाठी त्या जागी बसवणे म्हणजे लेखकत्वाची खोटी नोंद करणे, आणि तेही स्वीकृतीनंतर. उद्या नमुन्यांविषयी प्रश्न आला तर उत्तर त्यांनी द्यायचे की नदीत उतरलेल्या मुलीने? त्यांना सरळ विचारा, की सहलेखक म्हणून त्यांच्या विद्यापीठाच्या निधीतून काही वाटा निघेल का. निघाला तर आभार माना, नाही निघाला तर राग धरू नका.

विद्यापीठाच्या ग्रंथपालांना भेटा आणि वन नेशन योजनेतील लेखक-मदतीत हे नियतकालिक बसते का, हे विचारा. योजनेचे काम गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांच्या केंद्राकडे आहे. मात्र ही योजना सध्या केंद्र आणि राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे, त्यामुळे खासगी शिक्षण संस्थेने चालवलेले तुमचे अनुदानित महाविद्यालय आपोआप त्यात येते असे धरून चालू नका. विद्यापीठाच्या संशोधन प्रोत्साहन निधीतून अर्धी रक्कम मिळाली तरी उरलेली अर्धी तुम्ही भरायची, की महाविद्यालयाने, हा प्रश्न प्राचार्यांसमोर लेखी ठेवा. तुम्ही पूर्ण वेतनावर आहात आणि स्वतःच्या इच्छेने काही भरणार असाल तर मी अडवणार नाही, फक्त विद्यार्थिनीला त्याचे ओझे वाटेल असे ते सांगू नका.

यांतले काहीच जमले नाही, तर करारावर सही करण्यापूर्वी निबंध मागे घ्या. त्याने नाचक्की होत नाही. मागे घेण्यासाठीही पैसे मागितले तर ते नियतकालिक कोणत्या जातीचे आहे हे तुम्हाला कळलेच म्हणून समजा. तुमच्या विषयात सुदैवाने चांगल्या जागा आहेत. 'युरोपियन जर्नल ऑफ टॅक्सॉनॉमी' युरोपातील निसर्ग-इतिहास संग्रहालये एकत्र येऊन चालवतात, त्यात वाचकाला खुले आणि लेखकाला विनामूल्य असे दोन्ही साधते. 'झूटॅक्सा'मध्ये खुल्या प्रवेशाचा आग्रह धरला नाही तर लेखकाला आकार पडत नाही. निबंध वर्गणीमागे राहील, पण मागणाऱ्याला तुम्ही प्रत पाठवू शकता. आधीच्या समीक्षकांचे शेरे आणि तुमची उत्तरे नव्या संपादकांना सोबत पाठवा, कधीकधी त्याने काम लवकर उरकते. भौतिकशास्त्राचे लोक १९९१ पासून निबंध आधीच अर्काइव्ह या खुल्या संकेतस्थळावर टाकून देतात, तसे आपणही करू, असा मोह होईल. नव्या जातीच्या बाबतीत तो आवरा. प्रीप्रिंटमधले, म्हणजे प्रकाशनापूर्वी असे टाकलेल्या मसुद्यातले, नाव प्राणिनामकरणाच्या नियमांनुसार प्रसिद्ध झालेले धरले जात नाही, आणि नाव मात्र चार ठिकाणी फिरून पुढे घोळ होतो. नाव रीतसर प्रसिद्ध झाल्यावर, प्रकाशकाचे नियम पाहून, स्वीकृत हस्तलिखित विद्यापीठाच्या संग्रहात ठेवा. विज्ञान व तंत्रज्ञान आणि जैवतंत्रज्ञान या केंद्रीय विभागांनी डिसेंबर २०१४ च्या धोरणात आपल्या पैशातून झालेल्या कामासाठी हीच वाट सांगितली होती, आणि तिला खर्च जवळजवळ नाही.

सर्वांत आधी मात्र संपादकांना पत्र पाठवा, आजच. मजकूर साधा असू द्या : "हे काम प्रकाशनासाठी कोणतेही अनुदान नसताना झाले आहे. प्रथम लेखिका शिष्यवृत्तीवर असलेली विद्यार्थिनी आहे आणि आमच्या महाविद्यालयात या खर्चाची तरतूद नाही. आकार पूर्ण माफ करावा ही विनंती; ते शक्य नसल्यास किती सवलत देता येईल ते कळवावे. निर्णय होईपर्यंत देयकाची मुदत स्थगित ठेवावी." सोबत शिष्यवृत्तीचे पत्र आणि प्राचार्यांचे 'तरतूद नाही' असे लेखी उत्तर जोडा. माफीची विनंती निबंध पाठवतानाच करावी असा बहुतेकांचा नियम असतो, तरी संपादकांच्या अधिकारात सवलत मिळाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. प्राचार्य लेखी द्यायला कदाचित कां-कूं करतील. करू द्या. कागदावर उतरवायची वेळ आली, की 'तिनेच भरावेत' हे वाक्य त्यांनाही लिहवणार नाही, आणि तिथून तुमचे बोलणे सुरू होईल.

विद्यार्थिनीला वडिलांचे पैसे परत करायला सांगा. संपादकांचे उत्तर आले की कळवा. नकार आला तर झूटॅक्सासाठी निबंधाची मांडणी बदलताना काही अडले तरी लिहा.

आपला,
सदरलेखक